उरलेल्या डिस्कची रात्र

कर्जतच्या बाजारपेठेतला फोटो स्टुडिओ असो, खोपोलीतला एक्स-रे काढणारा दवाखाना असो की नेरळमधलं एखादं सीएचं ऑफिस, टेबलाखाली वायरींच्या गुंत्यात ठेवलेला छोटा काळा डबा आता नवलाचा राहिलेला नाही. आत दोन हार्ड डिस्क शेजारी शेजारी फिरत असतात. डब्याकडे येणारी प्रत्येक गोष्ट, नवरीचा फोटो असो की मोडलेलं मनगट, दोन्ही डिस्कवर लिहिली जाते. या जोडीला मिरर म्हणतात. तांत्रिक नाव रेड-१. एक डिस्क उडाली तरी दुसरीवर सगळं जसंच्या तसं असतं. डबा विकणारा एवढंच सांगतो, आणि ते खरंही आहे. पण या जोडीची सगळ्यात विलक्षण वेळ त्यानंतर येते. एक डिस्क गेलेली आहे, दुसरी एकटी काम ओढते आहे आणि कुणीतरी हातात नवी डिस्क घेऊन डब्यासमोर बसलं आहे. आतली माहिती कधी नव्हे इतकी धोक्यात असते ती नेमकी या दुरुस्तीच्या तासांत.

ते समजायचं तर आधी एका डिस्कच्या पोटात डोकवायला हवं. मी कितीही वेळा वाचलं तरी मला हे खरं वाटायला थोडा वेळ लागतो. साडेतीन इंची डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे मारते, म्हणजे सेकंदाला १२०. तिच्या बाहेरच्या कडेचा वेग ताशी सव्वाशे किलोमीटरच्या पुढे जातो. या तबकडीवर वाचण्या-लिहिण्याचं टोक, ज्याला हेड म्हणतात, तरंगत असतं. किती उंचीवर? मीटरच्या अब्जाव्या भागाला नॅनोमीटर म्हणतात. असे मोजके काही नॅनोमीटर. खाली एका इंचाच्या रुंदीत लाखांनी मोजावेत इतके ट्रॅक असतात आणि हेड त्यातला नेमका एक पकडून ठेवतं. हे दिवसरात्र, वर्षानुवर्षं, टेबलाखाली, कुणाचं लक्ष नसताना चालू असतं. डिस्क कधीतरी बंद पडते याचं आश्चर्य वाटायला नको. ती एवढी वर्षं चालते, हेच खरं आश्चर्य.

इतकं बारीक वाचता यायला लागलं त्यामागे १९८८ साली युरोपात लागलेला एक शोध आहे. फ्रान्समधले आल्बेर फेर आणि जर्मनीतले पीटर ग्र्युनबर्ग या दोघांना एकमेकांपासून स्वतंत्रपणे असं आढळलं, की चुंबकीय पदार्थांचे अतिशय पातळ थर एकावर एक रचले तर चुंबकीय क्षेत्रातल्या किंचित बदलानेही त्यांचा विद्युतरोध खूप बदलतो. या शोधातून पुढे हार्ड डिस्कची संवेदनशील हेडं तयार झाली आणि २००७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या दोघांना मिळालं. योगायोग असा, की त्याच १९८८ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी एक शोधनिबंध मांडला. एकच महागडी, भरवशाची डिस्क घेण्यापेक्षा अनेक स्वस्त डिस्क घ्या, त्यातली एखादी बिघडणार हे गृहीत धरा आणि बिघाड पचवेल अशी रचना करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘रेड’ हे नाव तिथून आलं. दोन डिस्कवर एकच गोष्ट लिहिण्याची युक्ती मात्र त्याहून जुनी आहे. टँडेम नावाच्या कंपनीने १९७६ पासून विकलेल्या ‘नॉनस्टॉप’ संगणकांत आरशासारख्या जोडडिस्क होत्या. हे संगणक बँकांसारख्या, क्षणभरही न थांबणाऱ्या कामांसाठी बनवलेले होते. १९८८ या एकाच वर्षात एका खंडावर डिस्क अधिक बारीक करण्याची वाट सापडली आणि दुसऱ्या खंडावर तिच्या मरणाची तजवीज झाली. आज टेबलाखालच्या डब्यात या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात.

जोडी धडधाकट असते तेव्हा काय चालतं? लिहिताना दोन्हीकडे लिहायचं. वाचताना मात्र दोन्हीकडून वाचायची गरज नसते; जी मोकळी असेल, जिचं हेड जवळ असेल ती देते. प्रत्येक डिस्कच्या एका कोपऱ्यात जोडीची ओळख नोंदलेली असते: आपण कुठल्या जोडीतल्या, आपला जोडीदार कोण आणि आतापर्यंत जोडीत किती घडामोडी झाल्या त्याचा आकडा. लिनक्सवर चालणाऱ्या डब्यांत हा आकडा सारखा पुढे सरकत असतो. समजा एक डिस्क सैल वायरमुळे दोन दिवस जोडीबाहेर राहिली आणि मग परत आली. तिचा आकडा मागे पडलेला असतो. डबा तो वाचतो आणि ओळखतो, की हिच्याकडची माहिती परवाची आहे. नुसत्या एका आकड्यावरून शिळं आणि ताजं कळतं, यातली साधी हुशारी मला फार आवडते.

आता बिघाडाकडे येऊ. मिररमधली डिस्क जाते तेव्हा काहीच होत नाही. फोटो उघडतात, एक्स-रे दिसतात, जमाखर्च चालू राहतो. डब्यावरचा एक दिवा हिरव्याचा लाल झालेला असतो, पण डबा टेबलाखाली असतो. सुरुवातीला भोंगाही वाजतो. तो कुणीतरी त्रासून बंद करतो. मिररचा सगळा पराक्रमच हा, की बिघाड कळू नये. आणि कळत नाही म्हणूनच तो तसाच राहतो.

याची किंमत आकड्यांत मांडून बघण्यासारखी आहे. गार्थ गिब्सन, ते १९८८ च्या निबंधातलेच, यांनी बियांका श्रोडर यांच्यासोबत कार्नेगी मेलन विद्यापीठात सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या आणि २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. डिस्क बनवणाऱ्यांच्या कागदांवरून वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जाव्यात असा हिशेब निघत होता. प्रत्यक्षात वर्षाला २ ते ४ टक्के डिस्क बदलाव्या लागणं सर्रास होतं आणि काही ठिकाणी हा आकडा १३ टक्क्यांपर्यंत गेला होता. आपण २ टक्के धरू. जोडीतली एक डिस्क गेली आणि आपण एका दिवसात बदलली, तर त्या दिवसातच दुसरीही जाण्याची शक्यता अगदी कमी. वर्षभरात दोन्ही गमावण्याची शक्यता सुमारे साडेचार लाखांत एक इतकी येते. तीच डिस्क बदलायला महिना लावला, तर शक्यता होते पंधरा हजारांत एक. वर्षभर कुणी पाहिलंच नाही, तर साधारण बाराशेत एक. डिस्क तीच, डबा तोच. बदललं फक्त आपलं लक्ष जायला लागलेला वेळ.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली आहे जी प्रत्यक्षात खरी नसते: दोन्ही डिस्कचं नशीब वेगळं आहे, ही. एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून निघालेल्या दोन डिस्क एकाच कारखान्याच्या एकाच बॅचच्या असतात. एकच उष्णता सोसतात, विजेचा एकच झटका खातात, सारखेच तास फिरतात. त्यातली एक थकली असेल तर दुसरीही थकत आली आहे असं धरूनच पुढची पावलं टाकायला हवीत.

इथे मला घाट आठवतो. कर्जतहून लोणावळ्याकडे चढणारा बोरघाटाचा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. ३७ फुटांत १ फूट चढ, म्हणून कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती गाडी वर ढकलतात. आज या घाटात तीन मार्ग आहेत. २०१९ च्या पावसात मंकी हिल आणि नागनाथ यांच्या दरम्यान त्यातल्या एका मार्गाचं मोठं नुकसान झालं आणि दुरुस्ती चालू असताना काही महिने गाड्या उरलेल्या मार्गांवरून न्याव्या लागल्या. कित्येक रद्द झाल्या, कित्येक अर्ध्या वाटेवर थांबवल्या गेल्या. मुंबई-पुण्याची वाहतूक चालू होती, म्हणजे सगळं ठीक होतं का? उरलेल्या रुळांवर नेहमीपेक्षा जास्त भार होता आणि त्यांच्यात काही बिघडलं असतं तर पर्यायाला जागा फार थोडी होती. मिररमधली एक डिस्क गेल्यावर दुसरीची अवस्था याहून बिकट असते, कारण तिथे तिसरा मार्गच नसतो. त्यात आपण तिला वर आणखी एक काम देणार असतो: स्वतःवरचं सगळं, पहिल्या तुकड्यापासून, म्हणजे सेक्टरपासून, शेवटच्यापर्यंत, नव्या डिस्कला वाचून दाखवायचं.

या वाचनाला रिबिल्ड म्हणतात. ४ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १५० मेगाबाइट या चांगल्या वेगाने सलग वाचली तरी सात-साडेसात तास जातात. मधे लोकांचं नेहमीचं काम चालू असेल तर त्याहून जास्त, अख्खी रात्र. या रात्रीत असे कोपरे वाचले जातात ज्यांना कित्येक वर्षं कुणी हात लावलेला नाही. २०१६ च्या लग्नाचे फोटो जिथे आहेत तो कोपरा खराब झालेला असला तरी आजवर कुणाला कळलेलं नसतं, कारण ते फोटो कुणी उघडलेलेच नाहीत. घरगुती वापराच्या बऱ्याच डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचण्यामागे जास्तीत जास्त एक चूक अशी होऊ शकते जी डिस्कला दुरुस्त करता येणार नाही. हे साडेबारा टेराबाइट होतात. प्रत्यक्षात डिस्क यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, पण ४ टेराबाइट एका दमात वाचायचे असतील तेव्हा हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून महिन्यातून एकदा डब्याला दोन्ही डिस्क पूर्ण वाचून ताडून पाहायला लावावं. बहुतेक डब्यांत ही सोय असते, एकदा लावून ठेवली की आपोआप चालते. जोडीदार जिवंत असताना खराब कोपरा सापडला तर तो जोडीदाराकडून लगेच भरून काढता येतो. एकटी उरल्यावर सापडला तर भरणार कुठून?

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. डिस्क बदलणं म्हणजे जुनी काढून नवी लावणं, असा आपला समज असतो. सुरक्षित क्रम बरोबर उलटा आहे: आधी नवी लावायची, तिच्यावर सगळं उतरवायचं, ताडून पाहायचं आणि मग जुनी काढायची. डब्यात तिसरा स्लॉट मोकळा असेल तर हे सहज होतं. लिनक्सच्या मिररमध्ये आणि डिस्कवर माहिती मांडणाऱ्या झेडएफएससारख्या प्रणालीत अशी बदली करण्याची स्वतंत्र सोय आहे. आजारी डिस्क जागेवर राहते, नवी शेजारी येते आणि तिची जागा घ्यायला तयार होईपर्यंत जुनी सोडली जात नाही. यातली खुबी अशी, की आजारी डिस्क सहसा सगळीच्या सगळी मेलेली नसते. तिचे काही सेक्टर गेलेले असतात, बाकीचे कोट्यवधी ठीक असतात. धडधाकट समजलेल्या डिस्कवरही दोन-चार सेक्टर वाचता न येणारे निघू शकतात. पण दोघींच्या जखमा एकाच जागी असण्याची शक्यता फार कमी. जिथे एक अडते तिथे दुसरी देते आणि दोन जखमी डिस्कमधून तिसरी पूर्ण निरोगी प्रत तयार होते. ‘ही खराब आहे’ म्हणून ज्यांनी घाईघाईने आजारी डिस्क उपटली, त्यांनी ही शक्यता हाताने घालवली.

डब्यात दोनच स्लॉट असतील, आणि आपल्याकडच्या बहुतेक डब्यांत दोनच असतात, तर नव्या डिस्कला हात लावण्याआधी उरलेल्या डिस्कवरचं सगळं एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवर उतरवून घ्यावं. सर्वांत महत्त्वाचं आधी, कारण उतरवतानाच डिस्क गेली तर निदान तेवढं तरी हाती राहील.

आता माणसाच्या हाताबद्दल. टँडेममध्येच काम करणारे जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये त्यांच्या संगणकांच्या बंद पडण्याची कारणं मोजली. त्या संगणकांत सगळं काही दुहेरी होतं. यंत्रातल्या बिघाडाचा वाटा निघाला १८ टक्के. सगळ्यात मोठा वाटा, ४२ टक्के, होता संगणक चालवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या माणसांच्या कामाचा. यंत्राने बिघाड पचवायला शिकल्यावर सर्वांत धोकादायक क्षण उरतो तो माणूस मदतीला येतो तेव्हाचा. मिररमध्ये या धोक्याचं एक ठरलेलं रूप आहे. खराब डिस्क राहते आत आणि चांगली येते बाहेर.

ही चूक निष्काळजी माणसाकडूनच होते असं नाही. संगणक डिस्कना नावं देतो ती त्या सुरू होताना ज्या क्रमाने सापडतात त्यावरून. डबा बंद करून परत सुरू केला की कालची ‘अ’ आज ‘ब’ होऊ शकते. ‘वरची’, ‘खालची’, ‘पहिली’, ‘दुसरी’ या नावांवर म्हणूनच विसंबू नये. डिस्कची खरी ओळख एकच, तिचा सिरियल नंबर. तो तिच्या लेबलवर छापलेला असतो आणि डब्याच्या पडद्यावरही दिसतो. डबा नवा असतानाच दोन्हींचे नंबर आणि कुठल्या ट्रेमध्ये कोण, हे कागदावर लिहून बाहेर चिकटवावं. बऱ्याच डब्यांत ठरावीक डिस्कचा दिवा लुकलुकवण्याची सोय असते, तीही वापरावी. डिस्क काढण्याआधी नंबर दोघांनी मिळून मोठ्याने वाचून ताडावा. एकट्याने घाईत करायचं हे काम नव्हे.

डबा चालू असताना डिस्क काढता येते असा असेल, तर आधी डब्याला सांगून तिला जोडीतून वेगळी करावी, ट्रे थोडासाच बाहेर ओढावा आणि अर्धा मिनिट थांबावं. तबकडी अजून फिरत असते. फिरती डिस्क हातात घेऊन वळवली तर तिचं हेड तबकडीला टेकायचं, आणि अडीअडचणीला तीच जुनी डिस्क लागू शकते. तशी सोय नसलेला डबा सरळ बंद करावा.

नवी डिस्क कुठली घ्यावी यावर दुकानात तासभर चर्चा होऊ शकते, पण मोजक्याच गोष्टी खरंच महत्त्वाच्या आहेत. आकार जुनीएवढा किंवा मोठा. दोन कंपन्यांच्या ‘४ टीबी’मध्ये थोडा फरक असू शकतो आणि थोडीशीही लहान असली तर जोडी तिला स्वीकारत नाही. शक्यतो वेगळ्या बॅचची घ्यावी. आणि ट्रॅक एकमेकांवर किंचित चढवून लिहिणारी, एसएमआर प्रकारची नको. अशा डिस्कवर थोडं लिहिणं ठीक जातं, पण रिबिल्डच्या रात्रीसारखं सलग, भरपूर लिखाण आलं की त्या अडखळतात. २०२० मध्ये तर जोडडब्यांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या काही डिस्क या प्रकारच्या होत्या आणि खोक्यावर तसं लिहिलेलं नव्हतं, यावरून जगभर गदारोळ झाला होता. विचारूनच घ्यावी.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा कुरियरने आलेली डिस्क जुलैत कर्जतला पोहोचते तेव्हा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि त्या दिवसांत हवा ओलीचिंब असते. वातानुकूलित दुकानातून थंड होऊन आलेली डिस्क अशा हवेत उघडली तर तिच्या धातूवर दव धरतं. पिशवी न फोडता काही तास खोलीत ठेवावी, तिला खोलीचं तापमान येऊ द्यावं. मग जोडीत घालण्याआधी एकदा पूर्ण तपासून घ्यावी, सगळी लिहून, सगळी वाचून. एक दिवस जातो, पण पहिल्याच रात्री नवीच डिस्क गेली तर होणारी धांदल टळते.

वीजही बघावी लागते. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते आहे; घाटावरच्या तलावांचं पाणी खाली येतं आणि त्यावर गिरण्या चालल्या. तरी खोपोली ज्यात येते त्या खालापूर तालुक्यात पावसाळी रात्री दिवे जाणं कुणाला नवं नाही. लिहिता लिहिता वीज गेली तर एका डिस्कवर नवं आणि दुसरीवर जुनं असं राहू शकतं. जोडीत मतभेद झाला. खरं कोण सांगतं? साध्या मिररला हे ठरवताच येत नाही, त्याच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. झेडएफएस, बीटीआरएफएस या प्रणाली प्रत्येक तुकड्यासोबत त्याच्यातून काढलेली पडताळणीची संख्या वेगळ्या जागी लिहून ठेवतात. वाचताना ती परत काढून बघायची. ज्याची जुळली तो तुकडा खरा. मग खोटा तुकडा खऱ्यावरून गुपचूप सुधारला जातो. नवा डबा घेताना ही सोय आहे का, हे जरूर विचारावं. आणि रिबिल्डच्या रात्री डबा यूपीएसवरच असावा, यात तडजोड नको.

त्या रात्री डब्यात जे चालतं ते मला सगळ्यात थक्क करतं. काम थांबत नाही. एका टोकाकडून नक्कल पुढे सरकत असते, आणि त्याच वेळी कुणी फोटो उघडतं, कुणी नवं बिल लिहितं. लिनक्सचा मिरर नवं लिखाण दोन्हीकडे करतो. नक्कल ज्या छोट्या पट्ट्यात चालू असते तिथे येणारं लिखाण तेवढं क्षणभर थोपवतो, म्हणजे जुनं नव्यावर चढत नाही. वाचायचं असेल तर नव्या डिस्कचा जेवढा भाग भरून झाला आहे तेवढ्याच भागावर विश्वास ठेवतो, पुढचं जुनीकडून घेतो. मिनिटामिनिटाला विश्वासाची ही सीमा पुढे सरकते. सकाळी ती शेवटच्या सेक्टरला पोहोचते आणि दोन्ही डिस्क पुन्हा बरोबरीच्या होतात. दवाखान्यात आलेल्या पहिल्या रुग्णाला रात्री काय झालं याचा पत्ताही नसतो.

तरीही जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नये. दोन्हींची एक पूर्ण पडताळणी होईपर्यंत ती बाजूला, नंबर लिहून, जपून ठेवावी. आणि देताना तिच्यावरचं पुसून किंवा तिला भोक पाडून द्यावी. मिररमधली प्रत्येक डिस्क ही सगळ्या माहितीची पूर्ण प्रत असते. खराब म्हणून दिलेल्या डिस्कवरून गावाचे एक्स-रे वाचता येऊ शकतात.

एवढी काळजी घेतल्यावर मिररवर संपूर्ण विसंबावं का? याचं उत्तर मुंबईत २४ फेब्रुवारी २०२१ ला मिळालं. राष्ट्रीय शेअर बाजारात, एनएसईत, सकाळी ११.४० ला व्यवहार थांबले आणि दुपारी पावणेचारला परत सुरू झाले. बाजाराने नंतर केलेल्या खुलाशानुसार मुख्य केंद्र आणि जवळचं राखीव केंद्र यांच्यातल्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार जोडण्या रस्त्याच्या खोदकामांमुळे अस्थिर झाल्या. त्याचा परिणाम म्हणून साठवण यंत्रणा अनपेक्षित वागली आणि मुख्य साठवण सर्व्हरना मिळेनाशी झाली. सगळं दुहेरी होतं. दोन केंद्रं, दोन जोडण्या. पण दोन्ही जोडण्यांच्या नशिबी खोदकाम आलं. जिथे दोन गोष्टी एकाच कारणाने एकत्र बिघडू शकतात तिथे त्या मोजायला दोन, पण प्रसंगी एकच असतात.

डब्यातल्या दोन डिस्कना एकत्र नेणारी कारणं तर अनेक आहेत. चोर दोन्ही नेतो. वीज कोसळली तर दोन्ही जळतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी उल्हास नदीकाठच्या गावांनीही पाणी पाहिलं. टेबलाखालच्या डब्याला तेवढं पाणी पुरतं, आत कितीही डिस्क असोत. आणि सगळ्यात साधं कारण माणसाचं: चुकून एक फोल्डर डिलीट केलं, तर मिरर इमानाने त्याच क्षणी दोन्हीकडून डिलीट करतो. संगणकात घुसून सगळ्या फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला, तर त्याचंही काम दोन्हीकडे होतं. मिरर डिस्कच्या मरणापासून वाचवतो. माणसाच्या चुकीपासून वाचवते ती वेगळी ठेवलेली, कालची प्रत.

सगळीच माहिती एवढ्या जपणुकीच्या लायकीची नसते. मोबाइलवरून आलेले शुभसकाळचे संदेश गेले तर कुणाचं काही बिघडत नाही. पण कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने कर्जत-३ सारखी भातवाणं आणि सह्याद्रीसारखं संकरित वाण दिलं, ते वर्षानुवर्षं शेतात घेतलेल्या नोंदींच्या जोरावर. अशी नोंद एकदा गेली तर परत मिळत नाही, कारण त्या वर्षीचा पाऊस परत पडत नाही. रुग्णाच्या दहा वर्षांपूर्वीच्या एक्स-रेचं तेच, आता नसलेल्या आजीच्या फोटोचं तेच.

तेव्हा तुमच्या दुकानात, दवाखान्यात किंवा घरी असा दोन डिस्कचा डबा असेल तर आजच त्याचं स्थितीचं पान उघडून बघा. बिघाडाची सूचना मोबाइलवर येईल अशी व्यवस्था लावा. गूगलने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या, एक लाखाहून जास्त डिस्कच्या अभ्यासात पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक दाखवणारी डिस्क पुढच्या ६० दिवसांत जाण्याची शक्यता इतरांच्या ३९ पट आढळली होती. पण गेलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक डिस्कनी महत्त्वाच्या चार लक्षणांपैकी एकही आधी दाखवलं नव्हतं, म्हणून सूचना आली नाही याचा अर्थ सगळं ठीक असा घेऊ नका. दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लिहून डब्यावर चिकटवा. एक नवी, तपासलेली डिस्क कपाटात आणून ठेवा, म्हणजे बदलायला महिना लागणार नाही. आणि आठवड्यातून एकदा सगळ्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती घाटावर, लोणावळ्यात किंवा पुण्यात, एखाद्या नातेवाइकाकडे पाठवा. कर्जतला आलेलं पाणी तिथवर चढत नाही.